३१ मार्च म्हणजे ३१ मार्चच!



आजचा धडा पुस्तकातला नाही, माझ्याच चुकीचा आहे. मी मालेगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षिका. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आपल्या सगळ्यांसारखी मीही आधी डीसीपीएस, आता एनपीएस.

पगारातली कपात आणि एलआयसीचे हप्ते यांनीच माझी दीड लाखाची मर्यादा भरते. म्हणून जादा सवलतीसाठी, म्हणजे कलम ८०सीसीडी(१बी) खाली, मी स्वतःहून ५०,००० रुपये एनपीएसमध्ये भरले. तारीख होती ३ एप्रिल २०२३. अमेरिकेतल्या चुलतबहिणीने सांगितलं होतं, "१५ एप्रिलपर्यंत भरलं तरी मागच्या वर्षात धरतात." तिच्याकडच्या आयआरए खात्याला ते खरंच लागू आहे. आपल्याकडे नाही! आपल्याकडे रक्कम ज्या आर्थिक वर्षात भरली, त्याच वर्षात ती दाखवायची.

जुलैत रिटर्न भरताना विवरणावरची तारीख पाहिली आणि पोटात गोळा आला. २०२२-२३ साठी ती रक्कम शून्य. २० टक्क्यांनी १०,००० आणि वर उपकर, असे १०,४०० रुपये गेले. म्हटलं, चला, पुढच्या वर्षी दाखवू. तर २०२३-२४ ला हिशेबात नवी करप्रणालीच परवडत होती, आणि तिथे स्वतः भरलेल्या रकमेला सूट नाही. शासनाचा १४ टक्के हिस्सा मात्र दोन्हीकडे वजा होतो, तो वेगळा दाखवायला विसरू नका.

कॉम्प्युटर सेंटरवाला म्हणाला होता, "मॅडम, टाकून देऊ, कोण बघतंय?" मी नाही म्हटलं. वर्गात पोरांना नक्कल करू नका सांगायचं आणि इथे तारीख खोटी लिहायची?

उलट झालं असेल, म्हणजे वेळेत भरूनही दाखवायचं राहिलं असेल, तर सुधारित रिटर्न भरता येतं. त्या वर्षासाठी मुदत ३१ डिसेंबर २०२३ होती. त्यानंतरचं अद्ययावत रिटर्न कर कमी करायला चालत नाही. पालकहो, पीपीएफ आणि सुकन्या खात्यालाही हीच ३१ मार्चची रेघ आहे.

माझं स्पष्ट मत आहे की, आपण फॉर्म १६ दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळे होतो, हेच चुकतं. शेकडेवारी आपणच शिकवतो ना? केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर जानेवारीत अर्धा तास या विषयाला द्यावा. माझं विवरण मी फळ्यावर मांडायला तयार आहे, ३ एप्रिलच्या तारखेसकट.