'एक्सक्विझिट' जपून वापरा

पैठणीची जाहिरात, लग्नाचा बायोडेटा, कोकणातल्या होमस्टेची माहिती. इंग्रजीत लिहायची वेळ आली की 'ब्यूटिफुल' लिहून लिहून कंटाळलेला माणूस फोनवर दुसरा शब्द शोधतो आणि त्याला 'एक्सक्विझिट' सापडतो. मग साडी एक्सक्विझिट, समुद्र एक्सक्विझिट, मुलगीही तशीच आणि मिसळही. माझी विनंती एवढीच, की या शब्दाला 'ब्यूटिफुल'चा थोरला भाऊ समजून त्याच्या जागी उभं करू नका. त्याचं काम निराळं आहे.

ज्या लॅटिन क्रियापदावरून हा शब्द आला, त्याचा अर्थ धुंडाळून काढणं. नीट शोधून, पारखून निवडलेलं ते एक्सक्विझिट. तो निवडीचा, बारकाव्याचा वास शब्दाला अजून आहे. म्हणून तो शोभतो नाजूक, रेखीव, निगुतीनं केलेल्या कामाला. माझी स्वतःची कसोटी साधी आहे: वस्तूच्या जवळ गेल्यावर तिचं सौंदर्य वाढतं का? वाढत असेल तर शब्द खुशाल वापरा. लांबूनच छाती दडपत असेल तर दुसरा शोधा.

वेरूळचं कैलास लेणं घ्या. अख्खं देऊळ एकाच खडकातून, वरून खाली कोरत आणलेलं. त्याच्या अंगणात उभं राहून 'द टेंपल इज एक्सक्विझिट' म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण माप चुकतं. त्या प्रचंडपणाला 'मॅग्निफिसंट' किंवा 'मजेस्टिक' हवा. तिथंच एखाद्या खांबाशी जाऊन नक्षीवर नजर ठेवा आणि मग म्हणा, 'द कार्व्हिंग ऑन धिस पिलर इज एक्सक्विझिट.' आता शब्द जागेवर बसला. सह्याद्रीचे कडे, पावसाळी धबधबे, अथांग समुद्र यांच्या वाटेला त्याला पाठवूच नये. सावंतवाडीची गंजिफा मात्र त्याची हक्काची जागा. दशावतारी गंजिफाच्या 120 गोल पत्त्यांपैकी कुठलाही तळहातावर घ्या, त्यावरचं चिमुकलं चित्र एक्सक्विझिटच.

माणसांबद्दल लिहिताना जास्त सांभाळा. बायोडेटात 'एक्सक्विझिट गर्ल' लिहिलं की मुलगी शोकेसमधली वस्तू वाटू लागते. सांगायचं असतं ते तिच्या वागण्याबोलण्यातल्या डौलाबद्दल, त्याला 'ग्रेसफुल' आहे. नीटनेटक्या पेहरावाला आणि रुबाबाला 'एलिगंट' आहे. माणसाच्या एखाद्या गुणाला मात्र आपला शब्द छान चालतो: एक्सक्विझिट टेस्ट म्हणजे अतिशय चोखंदळ रसिकता, एक्सक्विझिट मॅनर्स म्हणजे कमालीची अदब.

'एलिगंट'चं नाव निघालं म्हणून सांगतो, या दोघांची गल्लत फार होते. 'एलिगंट'मध्ये फापटपसारा नसतो. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडनं मोजक्या पायऱ्यांत सिद्ध केलं, ती सिद्धता एलिगंट. तिला एक्सक्विझिट म्हणायचं सहसा कुणाला सुचणार नाही. उलट पदरावरचे मोर, त्यांच्या पंखांतले रंग, काठाचं विणकाम असं भरगच्च काही असलं आणि तरी प्रत्येक धागा जागच्या जागी असला, तर तिथं एक्सक्विझिट. बिनकाठाची एकरंगी सुती साडी एलिगंट असू शकते. पैठणीचा पदर एक्सक्विझिट.

वाक्यात बसवताना दोन-तीन गोष्टींकडे बघा. याच्या आधी 'व्हेरी' लावू नका. शब्दातच पराकोटी भरलेली आहे, त्यामुळे 'व्हेरी एक्सक्विझिट' कानाला खटकतं. जोर द्यायचाच तर 'ॲब्सोल्यूटली' किंवा 'ट्रूली'. सुरुवात स्वरानं होते, म्हणून 'अ' नव्हे, 'ॲन'. अनेक विशेषणं असली तर मत सांगणारं आधी, मग वय, मग रंग: 'ॲन एक्सक्विझिट ओल्ड ग्रीन पैठणी.' उलटसुलट केलंत तर वाचणारा अडखळतो. आणि उच्चार! शेवटची अक्षरं बघून पुष्कळ जण 'एक्सक्विसाइट' म्हणतात. शेवट 'झिट' असा आखूडच होतो. जोर उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर द्यावा की दुसऱ्यावर, याबद्दल इंग्रजांचंच एकमत नाही. जुने लोक पहिल्यावर देत, आता दुसऱ्यावर देणारे पुष्कळ आहेत. त्यात तुम्ही जीव अडकवू नका.

मिसळीचं राहिलं. खाण्याच्या पदार्थाला हा शब्द चालतो, पण चव हळुवार असली तर. केशर-वेलचीचा अंदाज नेमका साधलेल्या श्रीखंडाला म्हणा. तर्रीनं नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी मिसळ झकास असते, तिला 'फँटास्टिक' म्हणा.

एक अर्थ मात्र भलताच आहे आणि तो ठाऊक असलेला बरा. तीव्र, अगदी टोकदार जाणवणाऱ्या वेदनेलाही इंग्रजीत एक्सक्विझिट म्हणतात. डॉक्टरांच्या इंग्रजी नोंदीत सुजलेल्या सांध्यापुढे 'एक्सक्विझिटली टेंडर' असं लिहिलेलं दिसलं तर गुडघ्याचं कौतुक चाललंय असं समजू नका. बोट लावलं तरी रुग्ण कळवळतो, एवढंच त्यांना म्हणायचं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी साडीची जाहिरात लिहिताना नुसतं 'एक्सक्विझिट साडी' म्हणून थांबू नका. एक्सक्विझिट काय आहे तेही लिहा: 'द पीकॉक्स ऑन द पल्लू आर एक्सक्विझिटली वोव्हन.' गिऱ्हाईक पदर उलगडून बघायला मागेल.