कोर्टाची पायरी ज्याला चढता येत नाही

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पूर्वापार सांगितले जाते. ज्यांची जमीन, घर आणि अब्रू कायद्यावाचूनही सुरक्षित होती, त्यांनीच हा उपदेश रचिला असला पाहिजे. आमच्या समाजाला तो कधीच परवडला नाही. गावाने जे नाकारले त्यापैकी पुष्कळसे आम्हांस ही पायरी चढूनच मिळवावे लागले. परंतु वाचकहो, आज आम्हांस ज्या माणसाविषयी लिहावयाचे आहे, त्याला हा उपदेश करण्याची गरजच उरत नाही; कारण ती पायरी त्याला चढताच येत नाही. आम्ही अपंगांविषयी बोलत आहोत.

एक जुनी गोष्ट येथे आठवावी लागते. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्या ठरावातील पाणवठ्यांचा आणि धर्मशाळांचा उल्लेख सर्वांना माहीत आहे. पण त्याच ठरावात सार्वजनिक शाळा, दवाखाने, कचेऱ्या व न्यायालये हीही अस्पृश्यांस खुली असावीत असे म्हटले होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तो ठराव स्वीकारून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. ठराव दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात राहिले. १९२७ च्या २० मार्च रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यात उतरले तेव्हा कोठे ते पाणी आमच्या ओंजळीत आले; आणि तो हक्क उच्च न्यायालयाकडून पक्का होण्यास १९३७ साल उजाडले. कागदावर खुले असणे आणि प्रत्यक्षात खुले असणे यांतील अंतर किती असते, हे आमच्या वाचकांना दुसऱ्या कोणी शिकविण्याचे कारण नाही.

हेच अंतर आज अपंगांच्या वाट्यास आले आहे. २०१६ साली संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम केला व एप्रिल २०१७ पासून तो अंमलात आला. त्याचे बारावे कलम सांगते की, कोणतेही न्यायालय, न्यायाधिकरण, आयोग किंवा चौकशीचा अधिकार असलेली संस्था यांच्यापर्यंत अपंग व्यक्तीस भेदभावावाचून पोहोचता आले पाहिजे. तिची साक्ष व तिचे म्हणणे तिला सोयीच्या भाषेत आणि साधनाने नोंदविले गेले पाहिजे. विधी सेवा प्राधिकरणांनीही आपल्या योजना तिला उपलब्ध करून दिल्या पाहिजेत. कलम चांगले आहे. परंतु इमारती व सेवा कशा असाव्यात याविषयी पुढे जे नियम झाले, ते केवळ शिफारशीवजा होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात हेच बोट ठेविले आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांच्या आत करावेत अशी आज्ञा दिली. कायदा करून सात-आठ वर्षे लोटल्यावर, हा कायदा पाळलाच पाहिजे असे न्यायालयास सांगावे लागावे, याला काय म्हणावे?

न्यायालयाच्या इमारतीविषयी निदान बोलले तरी जाते. आमचा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. कोणताही माणूस एकदम न्यायाधीशापुढे जाऊन उभा राहत नाही. तो आधी वकिलाकडे जातो. आणि वकिलाची कचेरी कोठे असते? तालुक्याच्या गावी कोर्टासमोरच्या एखाद्या इमारतीत, खाली झेरॉक्सचे दुकान, बाजूने अरुंद जिना, वर दहा बाय दहाची खोली, फायलींचे गठ्ठे आणि दोन बाके. मुंबईच्या फोर्टात गेलात तर तोच जिना लाकडी आणि अधिक उभा. कुबड्या घेतलेला माणूस खालीच थांबतो आणि कारकून वरून ओरडून विचारतो, काय काम आहे? आपले दुःख, आपली कौटुंबिक भांडणे, आपल्यावर झालेला अत्याचार त्याने भर रस्त्यात मोठ्याने सांगावा, अशी ही व्यवस्था आहे. सरकारी कचेऱ्यांची तऱ्हा निराळी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतच चाकाच्या खुर्चीवरील एका वधूला विवाह नोंदणीसाठी दोन मजले उचलून न्यावे लागले, ही बातमी वाचकांच्या स्मरणात असेल.

अशा माणसांना आता 'दिव्यांग' म्हणावयाचे ठरले आहे. नावाला आमचा आक्षेप नसता, पण गोड नाव देऊन जिने तसेच ठेवण्याची रीत आम्हांस अपरिचित नाही. एके काळी आम्हांसही 'हरिजन' म्हणून गौरविण्यात आले होते. म्हणून कायद्याचे नाव आम्ही जसेच्या तसे लिहू; एरवी अपंगास अपंग म्हणू आणि त्याचा हक्क मागू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. एकंदर लोकसंख्येत त्यांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत २.४५ टक्के भरले. गटारात उतरणारा, खाणीत व गिरणीत राबणारा, वेळेवर दवाखाना न मिळणारा समाज अधिक अपंग असावा यात नवल ते काय? हा प्रश्न आमच्या घरातला आहे.

बरे, जिना ही या गोष्टीतील सर्वांत लहान अडचण होय. वकील दोन मिनिटे खाली उतरला की ती सुटते. खरी अडचण वर पोहोचल्यावर सुरू होते. एक प्रसंग कल्पावा. कर्णबधिर माणूस भावासह वकिलाकडे येतो. वडिलांची दोन एकर जमीन आहे, तिचे काही कागद करावयाचे आहेत. वकील प्रश्न विचारतो भावाला. उत्तर देतो भाऊ. फी ठरवितो भाऊ. कागद तयार होतो तो हक्कसोडपत्राचा. ज्याचा हक्क सुटणार आहे तो समोर बसून दोघांच्या ओठांकडे पाहत राहतो आणि शेवटी दाखविल्या जागी सही करतो. यात वकिलाने काही लबाडी केली असे कोणी म्हणणार नाही. त्याने केवळ सोय पाहिली. पण त्याचा अशील कोण होता? ज्याच्या हिताविरुद्ध कागद झाला त्याचाच भाऊ दुभाषी म्हणून बसविला, तर तो अशिलाच्या तोंडी कोणते शब्द घालील?

हे घडू नये म्हणून त्याच अधिनियमाच्या तेराव्या कलमात स्पष्ट तरतूद आहे. अपंग माणसास इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा, वारसा घेण्याचा व आपले आर्थिक व्यवहार स्वतः चालविण्याचा अधिकार आहे; आणि मदत करणाऱ्याचे व त्याचे हितसंबंध जेथे परस्परविरोधी असतील, तेथे मदत करणाऱ्याने त्या व्यवहारातून दूर राहिले पाहिजे. किती वकिलांच्या टेबलावर हे कलम उघडले जाते? सांकेतिक भाषेचा दुभाषी बाहेरून बोलाविणे, तो नसेल तर अशिलाला लिहिता-वाचता येत असल्यास त्याच्याशी लिहून बोलणे, निदान भावाला घटकाभर बाहेर बसविणे, ही दयाबुद्धीची कामे नव्हेत. अशिलाशी त्याचा वकील बोलला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

अंध अशिलाची गोष्ट निराळी. त्याला ऐकू येते, बोलता येते, आणि आता संगणक व फोन त्याला मजकूर वाचूनही दाखवितात. मग त्याने आपले शपथपत्र सहीपूर्वी स्वतः वाचावयास काय हरकत? हरकत ही की, वकिलाकडून त्याला जे मिळते ते कागदाचे छायाचित्र असते. त्यात यंत्राला अक्षर सापडत नाही. मराठी मजकूर जुन्या टंकांत टाइप केलेला असेल तर यंत्र अर्थहीन खुणा उच्चारू लागते. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून जसाच्या तसा पाठविला तर त्याला शब्दन्‌शब्द ऐकता येतो. यास एक पैसाही अधिक लागत नाही. तरीही पाहावे तो, "अंगठा द्या, मी सांगतो ना काय लिहिले आहे," एवढ्यावर काम भागविले जाते. सावकाराच्या कागदावर आमच्या आजोबांनी असेच अंगठे दिले होते.

आता एक खटला सांगितला पाहिजे. २०११ साली आंध्र प्रदेशात जन्मांध व अनुसूचित जातीच्या एका तरुणीवर बलात्कार झाला. तिने आरोपीला आवाजावरून ओळखिले. पाटण जमाल वली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी निकाल दिला. अंध स्त्रीची साक्ष डोळस स्त्रीच्या साक्षीहून हलकी समजता येणार नाही, असे बजावून न्यायालयाने बलात्काराची शिक्षा कायम ठेविली. जात, लिंग व अपंगत्व यांचा मारा एकाच देहावर एकत्रित कसा होतो, हेही न्यायमूर्तींनी विस्ताराने मांडले. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील शिक्षा रद्द झाली. कारण त्या वेळी लागू असलेल्या शब्दांप्रमाणे, जातीच्या कारणाने हा गुन्हा घडला हे दाखविणारा पुरावा दप्तरात नव्हता. पुढे २०१६ पासून कायद्याचे ते शब्द बदलले आहेत आणि पीडितेची जात ठाऊक असणे पुरेसे ठरते. तथापि आमच्या मनात एक प्रश्न राहून जातो. दप्तरात पुरावा कोण आणतो? पहिला जबाब घेणारा शिपाई आणि त्यानंतर फिर्यादीचा वकील. त्यांनी विचारले नाही ते न्यायासनापुढे येत नाही. त्या निकालातच न्यायालयाने पोलीस व सरकारी वकील यांच्या प्रशिक्षणाविषयी, तसेच कायद्याच्या अभ्यासक्रमात हा विषय घालण्याविषयी सूचना केल्या आहेत. अपंग स्त्रीचा जबाब तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाषी वा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत घ्यावा ही २०१३ ची तरतूद नव्या संहितेतही कायम आहे. ती ठाण्यात सांगण्यासाठी ती वकिलाला ठाऊक असावी लागते.

याविषयी वकिलांशी बोलावे तर उत्तर ठरलेले असते: आमच्याकडे असे पक्षकार फारसे येत नाहीत. येत नाहीत म्हणून सोय नाही, आणि सोय नाही म्हणून येत नाहीत. हे चक्र किती दिवस फिरवावयाचे? शिवाय ही बाब वकिलाच्या मर्जीवर सोडलेली आहे असेही नाही. सार्वजनिक सुविधा व सेवा यांची जी व्याख्या अधिनियमाने केली आहे तीत न्यायप्राप्तीचा उल्लेख आहे, आणि शेहेचाळिसावे कलम सरकारीबरोबर खाजगी सेवा देणाऱ्यासही लागू आहे. प्रत्येकाने उद्वाहन बसवावे असे आम्ही म्हणत नाही. भाड्याच्या खोलीत बसणाऱ्या तरुण वकिलाची ओढाताण आम्ही जाणतो. त्यांतील कितीतरी आमचेच आहेत. पण "जिना चढणे शक्य नसल्यास या क्रमांकावर कळवा, वकील खाली येतील" अशी पाटी लावण्यास भांडवल लागत नाही.

वकिलीच्या धंद्यात अपंगांना स्थान नाही असे समजणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, १९५३ साली कलकत्त्याहून लोकसभेवर निवडून गेलेले साधन गुप्त हे अंध वकील होते व पुढे पश्चिम बंगालचे महाधिवक्ते झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. आणि अंधांना न्यायाधीशपदाच्या परीक्षेतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियम मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने रद्द केला.

राहता राहिले विनामूल्य साहाय्य. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये अनुसूचित जातीची व्यक्ती आणि अपंग व्यक्ती, दोघांनाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. १५१०० हा त्यासाठी राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याने दूरध्वनी कसा करावा हे विचारू नये! त्याच्या वतीने आपणांपैकी कोणी तालुका विधी सेवा समितीच्या कचेरीत जावे. अर्ज मराठीत चालतो. तोंडी विनंतीही चालते. परंतु अर्ज लेखीच द्यावा. त्यात मोफत वकिलाच्या मागणीखाली दुसरी ओळ लिहावी की, दुभाषी हवा, किंवा भेट तळमजल्यावर हवी, किंवा कागद वाचता येईल अशा स्वरूपात हवेत, आणि ही मागणी २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १२ खाली आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का व सही घेतल्यावाचून तेथून उठू नये.