अंतराळवीरांचे डोळे मोजले जातात, आपले कधी?

25 जून 2025 ला शुभांशु शुक्ला अंतराळात गेले, 15 जुलैला परतले. आता ‘गगनयान’ची तयारी सुरू आहे. या कौतुकात एक गोष्ट मागे राहते: अंतराळात जास्त दिवस राहिले की डोळ्याचा आकारच बदलू शकतो.

जमिनीवर अंगातले पाणी पायांकडे ओढले जाते. तिकडे वजन जाणवत नाही, म्हणून ते डोक्याकडे सरकते. 2011 मध्ये सात अंतराळवीरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या पाच जणांचा डोळा मागून चपटा झाला होता. डोळा किंचित आखूड झाला तरी जवळचे धूसर दिसते. म्हणून नासा जादा नंबरचे चष्मे सोबत देते.

हा बदल कळतो कसा? जाण्याआधी, तिकडे असताना आणि परतल्यावर ओसीटी यंत्र व सोनोग्राफीने डोळा मोजतात. आधीचे माप नसेल, तर किती बिघडले ते सांगणार कोण?

मुद्दा इथेच आहे. देवगाव फाट्यावर आपल्या किती घरांत असे आधीचे माप आहे? शुगरमुळे डोळ्याचा पडदा खराब होतो तेव्हा सुरुवातीला दुखत नाही, दिसतेही नीट. दिसेनासे झाल्यावर आपण धावतो. ओसीटी आता शहरांतल्या नेत्र रुग्णालयांतही असते. अम्मी-अब्बूंना शुगर असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या, कागद जपून ठेवा. मुलांचीही नजर तपासा.

हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी नजरेचे कोडे प्रयोगाने सोडवायला घेतले. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. मग तपासणीला टाळाटाळ कशाला?