गाव तात्पुरते नसते

माझे घर सध्या उत्तराखंडमधील रुरकीला आहे. बाबा पुढच्या वर्षी सैन्यातून निवृत्त होतील. आई म्हणते, इथेच राहू. मला पुणे हवे होते. या छोट्या गावात आहे काय?

गंगा कालव्यासाठी अभियंते हवे होते म्हणून १८४७ साली इथे कॉलेज निघाले. तेच आजचे आयआयटी. म्हणजे इथे विद्या आली ती कामाच्या गरजेतून.

आई विद्यार्थ्यांना डबे देते. या सुट्टीत ते मी सायकलवरून पोहोचवले. काही मुले डबा घेताना मान वर करत नव्हती. परीक्षा संपल्या, मुले गेली आणि आईचे तीस डबे पाचावर आले. मला मुलांचा राग आला. मग वाटले, मी तरी काय वेगळा? मेसमध्ये चार वर्षे मला वाढणाऱ्या दादांचे नाव मला ठाऊक नव्हते.

माझे मत स्पष्ट आहे. जे गाव आपल्याला शिकवते, जेवू घालते, त्याला तात्पुरते समजू नये. परत आल्यावर मी दादांना नाव विचारले. बाबांनाही पत्र लिहिले : आई म्हणते तसेच करू.