आमच्यावरचं पुस्तक आम्हाला द्या

मराठीत इतिहास शिकवणाऱ्या आणि छापणाऱ्या मान्यवरांना,

मी प्रभादेवीची. वडील इथल्याच स्टँडर्ड मिलमध्ये साचेवाले, म्हणजे मागावरचे विणकर, होते. मुंबईच्या इतिहासावरच्या एका परिसंवादात तुमच्यातल्याच एका वक्त्यांनी सांगितलं, की गिरणी कामगाराचा एक पाय कायम गावात, म्हणून त्याला संघटना कधी कळलीच नाही. पुढारी नेतील तिकडे तो गेला. सभागृहात माना डोलल्या. मी हात वर केला, तेव्हा वेळ संपली होती. ते मनाला फार लागलं.

जास्त लागलं ते यासाठी, की या समजुतीचं उत्तर केव्हाच देऊन झालंय. राजनारायण चंदावरकर मुंबईत १९५३ साली जन्मले, शिकायला इंग्लंडला गेले, केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजचे फेलो आणि पुढे तिथल्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राचे संचालक झाले. एवढ्या लांब राहून या माणसाने आयुष्य वेचलं ते आमच्या गल्ल्यांवर. १९९४ साली त्यांचा 'द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटॅलिझम इन इंडिया' हा ग्रंथ आला. १९०० ते १९४० ची मुंबई, तिच्या गिरण्या आणि कामगार.

त्यात ते दाखवतात, की गावचं घर आणि शेत हे कामगाराचं मागासपण नव्हतं. तो त्याचा आधार होता, त्याच्या जिवावर लांबलेले संप निभावता आले. १९२८ चा संप सहा महिने चालला तो उगाच नाही. जॉबरची, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाची, सत्ता गिरणीतल्या खात्यापुरती नसे. माणसं मिळवायला आणि टिकवायला त्याला चाळीत वजन लागायचं, म्हणून वस्तीचंही ऐकावं लागायचं. वाण्याची उधारी, खानावळ, व्यायामशाळा यांतून संपाला बळ मिळायचं. आणि मागणी घटली की बदलीवाल्याला, म्हणजे कायम नसलेल्या कामगाराला, दारातून परत पाठवायचं, ही मालकांची धंद्याची रीतच होती.

१९८२ च्या गिरणी संपात आई आम्हा भावंडांना घेऊन गावी गेली. तिथल्या भातावर आम्ही तगलो, आणि वर्षानुवर्षं त्याची लाज बाळगली. हे पुस्तक वाचल्यावर ती लाज गेली. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. मी एकेक पान त्यांना मराठीत सांगायचे. जॉबरचा भाग ऐकून त्यांनी विचारलं, "हा माणूस आपल्या चाळीत राहिलाय काय गो?"

तरीही मला हा ग्रंथ मराठीत मिळालेला नाही. एका प्रकाशकांनी मला कळवलं, की याला मराठीत वाचक नाही. मग नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' आमच्या चाळीत पानं सुटेपर्यंत कोणी वाचलं? त्याच्या मूळ इंग्रजी पुस्तकाची प्रस्तावनाही चंदावरकरांचीच. आणि प्राध्यापकहो, प्रबंधाच्या संदर्भसूचीत हे नाव घालायला तुम्ही विसरत नाही; मराठीतून शिकणाऱ्या पोरांपुढे मात्र ते एकदाही उच्चारत नाही. मग परिसंवादात माना डोलतात, यात नवल काय?

चंदावरकर २००६ साली गेले, पन्नाशी जेमतेम ओलांडलेली असताना. त्यांचे राहिलेले निबंध २००९ मध्ये मागे राहिलेल्यांनी पुस्तकरूपाने काढले. त्यांना ते आपलं काम वाटलं. तुम्हाला का वाटत नाही?

वडील आता नाहीत. त्यांच्या खात्यातले काहीजण आहेत, ऐंशीच्या पुढचे, रोज चष्मा लावून मराठी पेपर वाचणारे. त्यांच्या हातात हे पुस्तक कधी देताय, तेवढं कळवा.

आपली,
एका साचेवाल्याची मुलगी