दादा, जॅकेट आहे का?

सेमिस्टर संपत आलं की कॉलेजच्या कट्ट्यावर गोव्याचा विषय निघतोच. फरक एवढाच की आता 'जायचं का' यापेक्षा 'कशानं जायचं' यावर जास्त वाद होतो. बारामतीत टी. सी. कॉलेजचा कट्टा असो नाहीतर इंदापुरातला चहाचा गाडा, कुणीतरी मोबाइल पुढे करतं आणि रील दाखवतं. पांढरंशुभ्र जहाज, डेकवर स्विमिंग पूल, मागे मावळता सूर्य, खाली कॅप्शन 'एकदा तरी करायलाच हवं'. समुद्रापासून अडीचशे किलोमीटरवर, चारी बाजूंनी ऊस असलेल्या गावात बसून ही रील बघताना जे काही होतं, त्याला फोमो म्हणा, हौस म्हणा. मला त्यात गैर काही वाटत नाही. 'शिकायच्या वयात क्रूझ कसली' असं म्हणणाऱ्या काकांच्या बाजूचा मी नाही. पण हौस पैशांची आहे आणि पाण्याचीही आहे, आणि आपण फक्त पहिल्या गोष्टीचा हिशोब करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी पैशांचंच बोलू, कारण ग्रुपवर पहिला मेसेज तोच असतो.

मुंबईहून सुटणारी मोठी क्रूझ म्हणजे आपल्याकडे बहुतेकांना कॉर्डेलिया माहीत आहे. तिचं 'एम्प्रेस' हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागलं. जहाज तसं १९९० चं, म्हणजे आपल्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठं. जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरात असतो तो साधारणपणे 'दोघांत एक केबिन' धरून एका माणसाचा असतो. त्यावर बंदराचे चार्जेस, सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स चढतात. त्यामुळे एजंटला 'किती पडेल' असं विचारूच नका, 'सगळं धरून शेवटचा आकडा लिहून पाठवा' असं म्हणा. एकट्यानं गेलात तर एक केबिन एकट्याच्या माथी पडते आणि खर्च जवळजवळ दुप्पट होतो. चौघं मिळून चार बेडची केबिन घेतली तर तिसऱ्या-चौथ्याचं भाडं बऱ्याचदा कमी लागतं. बाथरूम एवढीशी असते, पण होस्टेलवर राहिलेल्या माणसानं त्याची तक्रार करू नये.

बाल्कनीची केबिन घ्यायची का? माझं उत्तर, नाही. दोन रात्रींच्या ट्रिपमध्ये तुम्ही केबिनमध्ये झोपायलाच जाणार आणि समुद्र वरच्या डेकवरून सगळ्यांना सारखाच दिसतो. आतली, खिडकी नसलेली केबिन सगळ्यात स्वस्त असते. फक्त ती जहाजाच्या मधोमध आणि जमलं तर खालच्या मजल्यावर मागा, कारण तिथं जहाज कमी डुलतं. ज्यांना एसटीच्या मागच्या सीटवर कात्रजचा घाट सोसत नाही, त्यांनी तर हे नक्कीच करा. मळमळायला लागलं तर केबिनमध्ये मोबाइल बघत पडू नका. वर या आणि लांब क्षितिजाकडे बघत उभे राहा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही.

जेवण तिकिटातच असतं आणि भरपूर असतं, शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही. पैसे जातात ते इतर ठिकाणी. वायफाय, दारू, काही शो, गोव्यात उतरल्यावर कंपनीच्या गाडीनं फिरणं, हे बहुधा वेगळं असतं. तिथं चौघांनी मिळून टॅक्सी केली तर तेच फिरणं स्वस्तात होतं, फक्त जहाजावर परत यायची वेळ चुकवायची नाही. जहाज एसटी नाही, हात दाखवला म्हणून थांबत नाही. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंजही जाते आणि जहाजावरचं नेटवर्क पकडलं तर बिल बघून डोळे पांढरे होतात. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई रात्री अकराला सगळ्या मित्रांना फोन लावेल. आणि हो, बारामतीहून त्याच दिवशी सकाळी निघून दुपारी जहाज पकडू हा आत्मविश्वास नको. एक्स्प्रेस वेच्या घाटात एक ट्रेलर बंद पडला की संपलं. आदल्या रात्री ठाण्या-डोंबिवलीच्या मावशीकडे मुक्काम टाका, नाहीतरी ती बरेच दिवस बोलावतेच आहे.

एवढं बजेट नसेल तर? भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट आहे. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली. तासाभरात पलीकडे पोचवते, दुचाकीही आत घेते. वरच्या डेकवर उभं राहून मुंबई मागे जाताना बघणं हे काही कमी सुख नाही, आणि तिथून अलिबाग जवळच. मला विचाराल तर पहिल्यांदा समुद्रावर जाणाऱ्यानं आधी हा तास करून बघावा. पोटाला समुद्र झेपतो की नाही ते कळतं आणि मग मोठ्या जहाजाचे पैसे भरायचे की नाही ते ठरवता येतं.

आता दुसरा हिशोब, पाण्याचा.

मोठ्या जहाजावर चढल्यावर सगळ्यांना एका ठिकाणी जमवून जॅकेट कसं घालायचं, धोक्याचा भोंगा कसा वाजतो, कुठल्या बोटीकडे जायचं हे सांगतात. सात छोटे आणि एक लांब भोंगा, हा तो इशारा. आपली पोरं या वेळात सेल्फी काढत असतात, 'बोअर आहे यार' म्हणतात. हा बोअर कार्यक्रम जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर झालाच पाहिजे, हा नियम कडक झाला तो कोस्टा कॉन्कॉर्डियानंतर. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ हे जहाज खडकावर गेलं आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांचा तो सराव तेव्हा झालेलाच नव्हता.

इटली लांबची वाटत असेल तर आपल्याकडे येऊ. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. कोकणातल्या घरांमध्ये ती आठवण अजून निघते. आणि १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जणांचा जीव गेला. बोटीत परवानगीपेक्षा जास्त माणसं होती, हे नंतर पुढं आलं. गेटवेच्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं ते त्यानंतर. हे सगळं आधी का नव्हतं, असा प्रश्न प्रत्येक अपघातानंतर आपण विचारतो आणि आठवड्यात विसरतो.

मला खरं लिहायचं होतं ते पुढचं. गोव्याची क्रूझ आपल्यापैकी फार तर पाच टक्के पोरं करतील, हा माझा अंदाज. पण उजनीच्या पाण्यात बोटीनं कधी ना कधी आपण सगळेच बसतो. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगावला फ्लेमिंगो बघायला जाणं हा बारामती-इंदापूरच्या प्रत्येक ग्रुपचा ठरलेला कार्यक्रम आहे. पहाटे निघायचं, बोटीत बसायचं, रोहित पक्ष्यांचा थवा उडाला की ओरडायचं, आणि दुपारी मासळीवर ताव मारून परत. क्रूझला जे लाखभर रुपये लागतात ते इथं ग्रुप मिळून काही शेकड्यांत होतं, आणि मला विचाराल तर दृश्य जास्त चांगलं आहे.

पण हेच पाणी आहे. एप्रिल २०१७ मध्ये इंदापूर तालुक्यात अजोतीजवळ फिरायला आलेल्या डॉक्टरांची बोट उलटली, चौघं बुडाले. शिकली-सवरलेली माणसं होती, आपल्यासारखीच मजा करायला आलेली. मग २१ मे २०२४. करमाळ्याच्या बाजूच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सहाजण गेले, त्यात लहान मुलंही होती. एकजण पोहत काठाला लागले. ही माणसं तर सहलीला निघालेलीच नव्हती. रस्त्यानं मोठा वळसा पडतो, पाण्यातून जवळ पडतं, म्हणून लोक बोटीनं येतात. उजनी झाल्यापासून दोन्ही काठांचं जगणं असंच चाललंय. कुगाव-शिरसोडी पुलाची मागणी किती जुनी आहे हे तिकडून येणाऱ्या कुठल्याही वर्गमित्राला विचारा.

वादळ कुणाच्या हातात नसतं. जॅकेट असतं. भिगवणच्या बाजूला मी स्वतः ज्या बोटीत बसलो तिथं जॅकेट होती, पण फळीवर बसायला गादी म्हणून. मागितल्यावर दादांनी लगेच दिली, वर 'कुणी घालतच नाही हो, फोटो चांगला येत नाही म्हणतात' असंही सांगितलं. आता यात दोष एकट्या बोटवाल्याचा कसा? त्याला दिवसाला चार फेऱ्या मारायच्यात, गिऱ्हाईक नाराज करायचं नाही. इन्लँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ हा कायदा आहे, त्यात बोटीची नोंदणी आहे, सुरक्षेच्या साधनांची सक्ती आहे. पण तपासणीला साहेब रोज काठावर येत नाही. काठावर रोज येतो तो आपला ग्रुप. दहा ग्रुपनी 'जॅकेट नसेल तर दुसरी बोट बघतो' म्हटलं तर अकराव्या दिवशी जॅकेट धुऊन, वाळवून बोटीत लटकलेली दिसतील. धंद्याला हा कायदा लवकर कळतो.

तुम्ही म्हणाल, आम्हाला पोहता येतं. विहिरीत सूर मारणं वेगळं आणि कपडे-बूट घालून, लाटा तोंडावर येत असताना, शेजारचा गळ्याला मिठी मारत असताना पोहणं वेगळं.

त्यामुळे या हिवाळ्यात कुंभारगावला जाणार असाल तर सकाळीच जा. पक्षीही तेव्हाच चांगले दिसतात आणि पाणी शांत असतं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचं आभाळ भरून आलं असेल तर बोटीत बसूच नका, दिलेला ॲडव्हान्स बुडाला तरी चालेल. आठजणांच्या बोटीत बारा बसवत असतील तर दोन फेऱ्या करा. फोटोसाठी सगळे एका बाजूला उभे राहू नका. आणि जॅकेटचा पट्टा तुटका निघाला तर दुसरं मागा, बोटीत बसल्यावर नाही, काठावर उभे असतानाच.