बाटलीतले पाणी आणि तांब्यातले पाणी

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात जुलाबावर लेख! शीर्षकाखालचे हे पहिलेच वाक्य वाचून काही वाचक नाक मुरडतील, हे मी गृहीत धरले आहे. अशा अंकात कविता असावी, कथा असावी, सहलीचे वर्णन असावे, फार तर 'तरुण पिढी आणि देशाचे भवितव्य' असा एखादा भारदस्त निबंध असावा; शरीराच्या असल्या तक्रारी दवाखान्यात सांगाव्यात, असा आपल्याकडे संकेत आहे. शिवाय मी पडले कला शाखेची विद्यार्थिनी. माझा आणि वैद्यकशास्त्राचा संबंध काय, असेही कोणी विचारील. पण मला वाटते, आजार कळणे ही गोष्ट आपण सर्वस्वी डॉक्टरांकडे सोपवून मोकळे झालो, यातच आपल्या पुष्कळशा हालांचे मूळ आहे. आजार बरा करणे हे डॉक्टरांचे काम असेल. तो समजून घेणे हे मात्र ज्याला तो होतो त्याचे काम आहे.

तालुक्याच्या कोणत्याही गावी दवाखान्यात डोकावून पाहावे. ओळीने खाटा मांडलेल्या असतात आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी एक बाटली टांगलेली असते. कोणाला ताप आहे, कोणाला जुलाब, कोणाला नुसताच थकवा. आजार वेगवेगळे, बाटली एकच! सोयाबीनची काढणी संपली की आमच्याकडच्या कितीतरी मजूर बायका अंगात त्राण नाही म्हणून 'दोन बाटल्या लावून' येतात. काढणीत मिळवलेल्या मजुरीतले दोन-तीन दिवस त्या बाटल्यांत जातात. बाई घरी येऊन समाधानाने सांगते, "सलाईन लावली, आता बरं वाटतंय." डॉक्टरांचा हातगुण वाखाणला जातो. ज्या डॉक्टरांनी सुई टोचली नाही, बाटली लावली नाही, नुसत्या चार गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्यायला सांगितली, ते डॉक्टर 'काही कामाचे नाहीत' असे ठरते.

त्या बाटलीत असते तरी काय? अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाचा एक लहान चमचासुद्धा भरणार नाही एवढे. बाकी सगळे निर्जंतुक पाणी. 'शक्तीची' म्हणून जी ग्लुकोजची बाटली लावतात, तिच्या अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम ग्लुकोज असते. म्हणजे पाच-सहा लहान चमचे साखर. ज्वारीच्या एका भाकरीत याच्या दुपटीहून अधिक शक्ती असते, आणि ती भाकरी खाताना हात सुईला बांधून ठेवावा लागत नाही. मग बाईला बरे का वाटते? तासभर ती आडवी पडते, कोणी तिला काम सांगत नाही, अंगातले कमी झालेले पाणी थोडे भरून निघते. यापैकी कोणतीही गोष्ट घरी अशक्य नव्हती. पण घरी तिला तासभर आडवे पडू कोण देणार, हा प्रश्न वैद्यकाचा नाही. तो आपल्या घरांचा आहे.

थकव्याचे सोडून देऊ. जुलाबाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न पैशांपुरता उरत नाही. तो जिवाचा होतो. निरोगी मोठ्या माणसाच्या आतड्यात खाल्लेले, प्यालेले आणि शरीराने सोडलेले पाचक रस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो आणि त्यातला पाव लिटरसुद्धा बाहेर जात नाही. बाकीचा सगळा आतडे पुन्हा शोषून घेते. दूषित पाणी, उघडे अन्न, न धुतलेले हात यांच्यावाटे रोगजंतू पोटात गेले की हा हिशेब बिघडतो. कधी तो रोटाव्हायरससारखा विषाणू असतो, कधी रक्ती आव करणारा शिगेला, कधी पटकीचा जंतू. जंतू कोणताही असो, पाणी आणि क्षार बाहेर जाऊ लागतात. जुलाबाने दगावणारे मूल बहुधा त्या जंतूने दगावत नाही. अंगातले पाणी संपल्याने दगावते.

हे एक वाक्य नीट समजले तर उपचार आपोआप समजतो. अंगातले पाणी कमी झाल्याची लक्षणे ओळखायला दुर्बीण लागत नाही. तोंडाला कोरड पडते, मूल सारखे पाणी मागते, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, डोळे खोल जातात, तान्ह्या मुलाची टाळू आत जाते, लघवी कमी होते, पोटावरच्या कातडीची चिमट सोडली तर ती हळूहळू पूर्ववत होते. आणि नेमक्या याच वेळी आपल्याकडे पुष्कळ घरांतून सल्ला मिळतो की मुलाला पाणी देऊ नका, दूध बंद करा, पोटाला विश्रांती द्या. घागर गळते आहे म्हणून तिच्यात पाणी ओतणेच बंद करावे, अशातला हा प्रकार!

यावरचा उपाय स्वयंपाकघरात आहे. एक लिटर स्वच्छ पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक पेला, थोडे थोडे करून पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावे. केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे; भाताची पेज, वरणाचे पाणी, ताक, मऊ भात द्यावा. दुकानात किंवा आरोग्य केंद्रात मिळणारी ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पुडी याहून चांगली, कारण तिच्यात पोटॅशियमही असते. मात्र पुडीवर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्यातच ती सगळी एकदम विरघळवावी. पेल्यात चिमूटभर टाकून उरलेली जपून ठेवू नये. लहान मुलांना सोबत दहा ते चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्यात, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ साली केली आहे. प्रतिजैविके बहुतेक साध्या जुलाबांत लागत नाहीत. रक्त पडत असेल किंवा पटकी असेल तर डॉक्टर ती ठरवतील.

साखर कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडेल. ती चवीसाठी नसते. आतड्याच्या अस्तरात अशी सोय आहे की ग्लुकोज आत जाताना मिठातल्या सोडियमला बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी जाते. जुलाब चालू असतानाही, अगदी पटकीतसुद्धा, हे दार उघडे राहते. म्हणूनच प्रमाणाला महत्त्व आहे. साखर फार झाली तर ती उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. ओआरएससारखे नाव लावलेली अतिगोड पेये बाजारात वर्षानुवर्षे खपत होती. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली. नावावर न जाता पुडीवरचा मजकूर वाचावा, हे सांगण्याची वेळ आपल्यासारख्या शिकलेल्यांवर यावी, हीच नवलाची गोष्ट आहे.

या साध्या पाण्याचा इतिहास एखाद्या कादंबरीला शोभावा असा आहे. शिरेतून मिठाचे पाणी देण्याचा प्रयोग स्कॉटलंडमध्ये टॉमस लॅटा यांनी १८३२ साली पटकीच्या रोग्यांवर केला. सलाईनचा जन्म तो. पण तोंडावाटे पाणी देऊन पटकीचा रोगी वाचवता येतो, हे जगाला पटायला आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली. कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ साली मीठ-ग्लुकोजच्या पाण्याने सौम्य पटकीचे रोगी बरे केल्याचे लिहिले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ते प्रयोगाने सिद्ध केले. तरीही रुग्णालयाबाहेर अडाणी माणसांच्या हाती हा उपचार देता येईल, यावर विश्वास बसत नव्हता.

मग १९७१ साल उजाडले. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी पसरली. बनगाव येथील रुग्णालयात रोगी जमिनीवर पडलेले, सलाईनचा साठा संपत आलेला. तेथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी धाडसाचा निर्णय घेतला. मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या कलकत्त्यात तयार करून आणल्या, पिंपात पाणी कालवले आणि ते रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. आयांनी, बहिणींनी, भावांनी ते पाजले. जेथे सुमारे ३० टक्के रोगी दगावत होते, तेथे त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत हे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत करता येईल, असे म्हटले. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आपल्यापैकी कितीजणांनी हे नाव ऐकले आहे?

इतके असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जुलाब झालेल्या पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी सुमारे ६० मुलांनाच ओआरएस मिळाल्याचे दिसते. जस्त तर सुमारे ३० मुलांना. उपाय माहीत होऊन अर्धशतक उलटले, तरी शंभरातली चाळीस मुले त्याला पारखी राहतात. का? माझ्या मते याचे कारण दारिद्र्य एवढेच नाही. जे घरचे ते हलके आणि जे टोचते ते औषध, ही आपली समजूत हे त्याचे मोठे कारण आहे. तांब्यातल्या पाण्याला कोणी औषध म्हणत नाही. तेच पाणी बाटलीत टांगले की त्याला प्रतिष्ठा येते.

यात सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. डॉक्टर म्हणतात, आम्ही बाटली लावली नाही तर रोगी समोरच्या दवाखान्यात जातो. ते खरेही आहे. मात्र 'रोग्याचे समाधान होते ना, मग बिघडले कुठे?' हा युक्तिवाद मला मान्य नाही. प्रत्येक अनावश्यक सुई ही एक अनावश्यक जोखीम असते. २००९ साली गुजरातमधील मोडासा भागात 'हिपॅटायटिस बी' या काविळीची साथ पसरली आणि तिचे मूळ वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरण्यात सापडले. अनेकांनी जीव गमावला. समाधानाची ही किंमत फार झाली.

उलट टोकालाही जाऊ नये. सलाईन वाईट नाही. ती योग्य जागी जीव वाचवते. मूल सुस्त पडले, पाणीही पिऊ शकत नाही, प्यालेले सगळे उलटून पडते, सहा-आठ तास लघवी नाही, शौचातून रक्त पडते, ताप फार चढला, तर घरी प्रयोग करत न बसता तडक रुग्णालय गाठावे. वाटेत पिता येत असेल तर पाजत राहावे. अशा वेळी शिरेतून दिलेले पाणी म्हणजे प्राणच. पण ज्याला पिता येते त्याला टोचायचे कशाला?

आणि पाजण्यापेक्षाही चांगले म्हणजे वेळच न येऊ देणे. पूर्वी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. त्या भाबडेपणाला आपण हसतो. पण हात न धुता पाणीपुरी खाणारे आपण त्यांच्याहून फारसे पुढे गेलेलो नाही. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात, झाकलेले पाणी, ते घ्यायला लांब दांड्याचे ओगराळे, संडासाचा वापर, पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, आणि २०१६ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आलेली रोटाव्हायरसची लस, एवढ्यात पुष्कळ काही साधते.

आता कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी यात काय करायचे? याचे उत्तर बांगलादेशानेच देऊन ठेवले आहे. १९८० ते १९९० या दहा वर्षांत तेथील 'ब्रॅक' या संस्थेच्या स्त्रिया घरोघरी गेल्या. त्यांनी पुड्या वाटल्या नाहीत. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी कसे कालवायचे ते प्रत्येक आईला तिच्याच भांड्यात, तिच्याच हातांनी करायला लावले. असे एक कोटीहून अधिक घरांत झाले. शिकवणारीचा मेहनताना ठरे तो तिने किती घरे पालथी घातली यावर नव्हे, तर नंतर तपासणी करताना आईला किती लक्षात राहिले यावर! शिक्षणाची इतकी प्रामाणिक परीक्षा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

या कामाला डॉक्टरकी लागत नाही. लागते ती भाषा. 'निर्जलीकरण' हा शब्द ऐकून कोणतीही आई मुलाला पाणी पाजणार नाही. 'टाळू आत गेली का बघ' म्हटले तर लगेच हात लावून पाहील. शास्त्र आणि चूल यांच्यामध्ये जो दुभाष्या लागतो, तो भाषा शिकलेल्यांनी व्हायचे नाही तर कोणी? आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी होते. रस्ता झाडणे, चर खणणे ही कामे जरूर व्हावीत. पण यंदा प्रत्येक स्वयंसेवकाने दहा घरे घ्यावीत, त्या घरच्या चमच्याने, त्या घरच्या तांब्यात हे पाणी करून घ्यावे आणि महिनाभराने पुन्हा जाऊन किती लक्षात राहिले ते पाहावे, अशी माझी सूचना आहे. प्राध्यापक मंडळींनी शिबिराचे गुण त्या दुसऱ्या भेटीवर द्यावेत. पहिल्या भेटीचे छायाचित्र वार्षिक अंकात छापून येतेच. दुसऱ्या भेटीत आपल्याला खरेच काही शिकवता आले की नाही ते कळेल.